आकाश सरकारचे, उत्तरदायित्व कोणाचे?

६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रणाची स्वयंचलित संदेशवहन यंत्रणा बिघडली. प्रत्येक उड्डाणाचा आराखडा विमान कंपनीकडून नियंत्रकाच्या पडद्यापर्यंत आपोआप पोहोचविणे हे तिचे काम. ती ठप्प होताच नियंत्रकांना हे आराखडे हाताने हाताळावे लागले आणि दुसऱ्या दिवशी ८०० हून अधिक विमानांना विलंब झाला. जीवितहानी झाली नाही, याचे श्रेय नियंत्रकांच्या दक्षतेला द्यावे लागेल. परंतु देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळावर एका यंत्रणेने मान टाकावी आणि उत्तर भारतातील वाहतुकीचे वेळापत्रक कोलमडावे, ही बाब राजधानीत गांभीर्याने घेतली जाणे स्वाभाविक होते. मंत्रालयाने कारणमीमांसेचे आदेश दिले. नियंत्रकांच्या संघटनेने आपण यंत्रणेतील उणिवांकडे आधीच लक्ष वेधले होते, असे सांगितले. मधल्या मध्ये एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. इशारा मिळाल्यानंतर निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाकडे होता?

या प्रश्नाच्या निमित्ताने दोन दशकांहून अधिक काळ भिजत पडलेले एक घोंगडे पुन्हा चर्चेत यायला हवे. हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणापासून वेगळे काढून त्याचे संपूर्ण सरकारी मालकीचे स्वतंत्र महामंडळ करावे, हे ते घोंगडे. माजी मंत्रिमंडळ सचिव नरेश चंद्र यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये हवाई वाहतूक क्षेत्राच्या फेररचनेचा आराखडा मांडला, तेव्हा हा विचार त्यात होता. पुढे अजित सिंह नागरी हवाई वाहतूक मंत्री असताना माजी सचिव अजय प्रसाद यांच्या समितीने त्याचा पुन्हा ऊहापोह केला. अहवाल आले, घोषणा झाल्या आणि प्रकरण थंडावले. नियंत्रण आजही प्राधिकरणाकडेच आहे.

जोडणे आणि तोडणे

या प्रस्तावाचा अर्थ समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १९८६ पूर्वी हवाई नियंत्रण हे नागरी हवाई वाहतूक खात्याचेच अंग होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई हे चार मोठे विमानतळ १९७२ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे होते. १९८६ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले आणि देशांतर्गत विमानतळांसह हवाई नियंत्रणाचे काम खात्यातून त्याच्याकडे गेले. म्हणजे त्या काळात या चार शहरांत विमानतळ एका संस्थेचा आणि त्यावरील आकाशाचे नियंत्रण दुसऱ्या संस्थेचे, अशी विभागणी प्रत्यक्षात होती. १ एप्रिल १९९५ रोजी दोन्ही संस्थांचे विलीनीकरण होऊन आजचे प्राधिकरण अस्तित्वात आले. आज ज्या विभाजनाची चर्चा होते, ते एका अर्थाने त्या विलीनीकरणाची दुरुस्ती आहे.

विलीनीकरणानंतर दीड वर्षातच या नव्या संस्थेची पहिली कसोटी लागली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ ही विमाने आकाशात एकमेकांवर आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरल्याचे स्पष्ट झाले. नियंत्रकाचा दोष नव्हता. पण त्या दिवशी दिल्लीच्या नियंत्रकासमोरील पडद्यावर विमानाची उंची दाखविणारे दुय्यम रडार कार्यान्वित नव्हते आणि येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांसाठी एकच हवाई मार्ग होता. नवे रडार येऊ घातले होते, एवढेच. सुरक्षेची सामग्री अपघाताच्या आधी येते की नंतर, हे शेवटी पैसा आणि खरेदीचे अधिकार कोणाच्या हाती आहेत यावर ठरते. फेररचनेचा सगळा वाद या एका वाक्यात सामावलेला आहे.

२००३ च्या दुरुस्तीने विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी संसदेने कायद्यात एक परंतुक घातले: भाडेपट्ट्याचा हवाई नियंत्रणाच्या कामावर परिणाम होणार नाही. २००६ मध्ये दिल्ली व मुंबई विमानतळ खासगी व्यवस्थापनाकडे गेले. पुढे अहमदाबाद, लखनौ, जयपूर, गुवाहाटी, मंगळुरू व तिरुवनंतपुरमचीही भर पडली. हैदराबाद व बेंगळुरूची नवी विमानतळे तर आरंभापासूनच प्राधिकरणाबाहेरची. या सर्व ठिकाणी धावपट्टी एकाची आणि नियंत्रण मनोरा प्राधिकरणाचा. नवी मुंबईचे विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले, तेथेही तीच रचना आहे. मोठे विमानतळ हातचे जात राहिले आणि आकाश मात्र राहिले, अशी प्राधिकरणाची आजची अवस्था आहे. महासागरावरील क्षेत्र धरून सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे हे आकाश आहे.

पैशाचे गणित

या आकाशातून प्राधिकरणाला उत्पन्न मिळते. भारतीय हवाई क्षेत्रातून जाणारे प्रत्येक विमान, मग ते येथे उतरो वा न उतरो, मार्ग सुविधा शुल्क देते. उतरणाऱ्या विमानाला त्याखेरीज टर्मिनल शुल्क पडते. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेचे तत्त्व असे की हे शुल्क सेवेच्या खर्चाशी निगडित असावे आणि वापरकर्त्याने ज्या सेवेचे पैसे मोजले त्याच सेवेवर ते खर्च व्हावेत. प्राधिकरणाच्या एकत्रित ताळेबंदात मात्र आकाशाची मिळकत आणि जमिनीवरील तोटा शेजारी शेजारी बसतात. प्राधिकरणाकडे उरलेल्या विमानतळांपैकी बहुतेक तोट्यात चालतात. कोणत्या शुल्कातून कोणते रडार आले आणि कोणती टर्मिनल इमारत उभी राहिली, हे सामान्य वाचकाला त्या ताळेबंदातून सहज उलगडत नाही.

विभाजनाच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. आणि विरोधकांचीही सर्वांत मोठी भीती येथेच दडलेली आहे. आकाशाचे उत्पन्न वेगळे निघाले तर उरलेल्या विमानतळांचे काय होणार, ही भीती निराधार म्हणता येत नाही. ‘उडान’ योजनेतील विमानांना टर्मिनल शुल्क माफ आहे आणि मार्ग शुल्कातही सवलत आहे. कोल्हापूर, जळगाव यांसारख्या शहरांना विमानसेवा मिळाली, ती अशा सवलतींच्या आधारावर. दिवसाकाठी मोजकी विमाने येणाऱ्या ठिकाणीही नियंत्रक, अभियंते आणि उपकरणे लागतातच. नफा-तोट्याचा स्वतंत्र हिशेब ठेवणारे महामंडळ हा भार कोणाच्या खात्यावर टाकणार? सामाजिक दायित्वाचा खर्च अर्थसंकल्पातून उघडपणे द्यायचा, की दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाच्या तिकिटातून अप्रत्यक्षपणे वसूल करायचा, हा राजकीय निर्णय आहे. संचालक मंडळावर तो ढकलून मोकळे होणे योग्य ठरणार नाही.

परदेशांतील धडे

महामंडळाची कल्पना भारतापुरती नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये हवाई नियंत्रण सरकारी मालकीच्या व्यावसायिक महामंडळाकडे सोपविले. ऑस्ट्रेलियाने १९९५ मध्ये नियामक आणि सेवा देणारी संस्था अशी फोड केली. कॅनडाने १९९६ मध्ये त्याही पुढे जाऊन नफा न कमावणाऱ्या खासगी संस्थेकडे काम दिले. ब्रिटनने २००१ मध्ये निम्म्याहून अधिक भांडवल विमान कंपन्यांच्या गटाला व कर्मचाऱ्यांना दिले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अटलांटिकवरील वाहतूक घटली आणि अल्पावधीतच नव्या भांडवलाची तजवीज करावी लागली. वाहतूक आटली तरी मनोरे बंद ठेवता येत नाहीत, हा या व्यवसायाचा स्थायीभाव आहे.

राज्यशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक उदाहरण जर्मनीचे. १९९१ मध्ये तेथील संसदेने हवाई नियंत्रण कंपनीकडे देण्याचा कायदा केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रिचर्ड फॉन वाइत्सेकर यांनी स्वाक्षरी करण्यास नकार दिला. हवाई वाहतुकीचे प्रशासन हे संघराज्याचे स्वतःचे काम आहे असे राज्यघटना म्हणत असेल, तर ते साध्या कायद्याने कंपनीच्या हवाली करता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. जर्मनीने मग १९९२ मध्ये घटनादुरुस्ती केली आणि १९९३ पासून संपूर्ण सरकारी मालकीची कंपनी काम करू लागली. २००६ मध्ये या कंपनीचे ७४.९ टक्के भांडवल विकण्याचा कायदा संमत झाला, तेव्हा दुसरे राष्ट्राध्यक्ष होर्स्ट क्योलर यांनीही तो घटनेच्याच कारणावरून अडविला. कंपनीकरण मान्य, परंतु सार्वभौम कामावरील सरकारची पकड सुटता कामा नये, ही रेषा तेथे दोनदा आखली गेली.

ती का आखावी लागते, हे जर्मनीच्याच आकाशात चार वर्षे आधी दिसले होते. १ जुलै २००२ च्या रात्री युबरलिंगेन गावावर रशियन प्रवासी विमान व मालवाहू बोइंग यांची टक्कर होऊन ७१ जण ठार झाले. मृतांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्या भागाचे नियंत्रण झुरिकहून, स्विस सरकारच्या मालकीच्या ‘स्कायगाइड’ कंपनीकडून होत असे. रात्रपाळीच्या दोन नियंत्रकांपैकी एक विश्रांतीसाठी गेलेला, रडार व दूरध्वनीची देखभाल सुरू असलेली आणि उरलेला एक माणूस दोन पडदे सांभाळणारा. एकाने रात्री विश्रांती घेण्याची ही पद्धत व्यवस्थापनाला ठाऊक होती. २००६ मध्ये जर्मनीतील कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने आपल्या आकाशाचे काम वैध कायदेशीर आधाराशिवाय दुसऱ्याकडे सोपविल्याबद्दल जर्मन सरकारलाच जबाबदार धरले. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरविले. ‘कंपनी आहे, ती पाहून घेईल’ या उत्तराला तेथे थारा मिळाला नाही.

शिकागो कराराच्या २८ व्या कलमातही हवाई मार्गदर्शनाच्या सुविधा पुरविण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवरच ठेवलेली आहे. सेवा कोणीही द्यावी, उत्तर राष्ट्राला द्यावे लागते.

अमेरिकेचा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाने हवाई नियंत्रणासाठी सरकारी मालकीच्या महामंडळाचा प्रस्ताव मांडला. वार्षिक अर्थसंकल्पाच्या आणि खरेदीच्या नियमांच्या जाचातून यंत्रणा सोडवावी, हा त्याचा हेतू. काँग्रेसने तो स्वीकारला नाही. शुल्काच्या भीतीने लहान विमानांचे मालक विरोधात होते आणि तिजोरीवरील पकड सैल करण्याची लोकप्रतिनिधींची तयारी नव्हती. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी नफा न कमावणाऱ्या संस्थेचा पर्याय पुढे केला, तोही पुढच्या वर्षी बारगळला. परिणामी २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले, तेव्हा अमेरिकी नियंत्रकांना पगाराविना काम करावे लागले आणि अखेर ४० प्रमुख विमानतळांवरील उड्डाणांत कपात करण्याचे आदेश निघाले.

भारताचा पेच वेगळा

अमेरिकेत तीस वर्षे जे मागितले जात आहे, ते भारताने केव्हाच केले आहे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. आपले नियंत्रक खात्याचे कर्मचारी नाहीत. ते वैधानिक प्राधिकरणाचे आहेत आणि त्यांचा पगार वापरकर्त्यांच्या शुल्कातून निघतो. संसदेत अर्थसंकल्प अडला म्हणून दिल्लीच्या मनोऱ्यातील वेतन थांबणार नाही. म्हणजे खात्याचे महामंडळ करणे हे भारतातील काम नव्हेच. कागदोपत्री स्वायत्त असलेल्या संस्थेला प्रत्यक्षात स्वायत्त करणे, हे काम आहे.

त्याची निकड संसदेच्या परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये सादर केलेल्या अहवालातून दिसते. अहमदाबादच्या १२ जूनच्या दुर्घटनेनंतर हवाई सुरक्षेच्या प्रश्नाने संसदेचे लक्ष वेधले होते. संजयकुमार झा यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने नियंत्रकांचा तुटवडा व थकवा यांवर बोट ठेवले. कामाच्या वेळेच्या मर्यादांतून प्राधिकरणाला मिळालेली सवलत समितीला चिंताजनक वाटली. नियामक असलेल्या नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयात मंजूर १,०६३ पदांपैकी ५५३ च भरलेली असल्याचे नमूद करून समितीने महासंचालनालयाला पूर्ण प्रशासकीय व आर्थिक स्वायत्तता देण्याची शिफारस केली.

या निरीक्षणांचा एकत्रित अर्थ लावला तर पेच स्पष्ट होतो. नियंत्रक अपुरे, म्हणून पाळ्या लांबतात. पाळ्या लांबतात, म्हणून नियामकाकडे सवलत मागितली जाते. नियामकाकडेच माणसे अपुरी, आणि तो त्याच मंत्रालयाच्या छायेत. सफदरजंग विमानतळालगतच्या राजीव गांधी भवनात प्राधिकरणाचे मुख्यालय आणि मंत्रालय वर्षानुवर्षे एका छताखाली नांदत आले. पुढे नियामक संस्थांसाठी ‘उडान भवन’ उभे राहिले, तेही प्राधिकरणानेच बांधून दिले. इमारतींचा शेजार हा काही दोष नव्हे. परंतु सेवा देणारा, तिच्यावर देखरेख ठेवणारा आणि दोघांचे प्रमुख नेमणारा यांच्यातील अंतर किती कमी आहे, याचे ते बोलके चित्र आहे. अशा स्थितीत नियंत्रणाचे वेगळे महामंडळ काढले, पण अध्यक्षाची निवड, पदनिर्मिती आणि मोठी खरेदी पूर्वीप्रमाणे मंत्रालयाच्या मंजुरीवर ठेवली, तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत व्हायची.

राजधानीतील अधिकारीवर्गाला याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवेतून भारत संचार निगम जन्मास आले. खेड्यापाड्यांतील सेवेचे ओझे निगमाकडे राहिले आणि खरेदीचे निर्णय मात्र मुक्त झाले नाहीत. २०१९ पासून त्याला सावरण्यासाठी सरकारला एकामागून एक साहाय्य योजना जाहीर कराव्या लागल्या. खात्यातून निगमात गेलेल्यांच्या निवृत्तिवेतनाची हमी नियमांत लिहून द्यावी लागली, हेही येथे आठवावे. विमानतळ कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी २००६ मध्ये दिल्ली-मुंबईच्या खासगीकरणाविरुद्ध संप केला होता. विभाजनाविषयीची त्यांची धास्ती समजून घ्यायची तर निगमाचा हा इतिहास वाचावा.

विभाजनाची सीमारेषाही सोपी नाही. नियंत्रक आणि दळणवळण-रडार यंत्रणा सांभाळणारे अभियंते हे एकाच सेवेचे दोन पाय आहेत. नोव्हेंबरचा बिघाड दुसऱ्या पायाचा होता, लंगडावे लागले पहिल्याला. दोघांना एकाच छत्राखाली ठेवल्यावाचून फेररचनेला अर्थ नाही. शिवाय देशातील प्रत्येक मनोरा प्राधिकरणाकडे नाही. पुण्यात लोहगावचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे, गोव्यात दाबोळीचे नौदलाकडे. मोपाचे मात्र प्राधिकरणाकडे. मुंबईहून पुणे किंवा गोव्याकडे जाणारे विमान एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेच्या स्वाधीन होते आणि हा समन्वय चोवीस तास चालतो. नव्या महामंडळाचे संरक्षण मंत्रालयाशी नाते काय असेल, हे करारावर न सोडता कायद्यातच सांगावे लागेल.

संसदेपुढचे काम

सार्वजनिक महामंडळ आणि मंत्र्याचे उत्तरदायित्व हा वाद भारतीय संसदेला नवा नाही. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी फिरोज गांधी यांनी मुंदडा यांच्या कंपन्यांतील गुंतवणुकीचा प्रश्न लोकसभेत उपस्थित केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या चौकशीनंतर फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. महामंडळाच्या दैनंदिन कारभारात सरकारने ढवळाढवळ करू नये. पण सरकारच्या सांगण्यावरून काही घडले तर मंत्र्याला सचिवामागे दडता येणार नाही, हा त्या प्रकरणाचा संसदीय वारसा आहे. हवाई नियंत्रणाच्या बाबतीत तो अक्षरशः लागू करता येईल.

त्यासाठी प्रशासकीय आदेश किंवा कंपनी कायद्याखालील नोंदणी पुरेशी नाही. संसदेने स्वतंत्र कायदा करावा आणि त्यात किमान चार गोष्टी निःसंदिग्धपणे लिहाव्यात. मार्ग व टर्मिनल शुल्काचे उत्पन्न हवाई मार्गदर्शन सेवेखेरीज अन्यत्र वळविता येणार नाही आणि सवलतीच्या मार्गांचा भार सरकार अर्थसंकल्पातून उचलील. नियंत्रकांची संख्या आणि पाळीच्या मर्यादा नियामक ठरवील. त्यातून सवलत दिली तर तिची कारणे व मुदत संसदेपुढे येईल. मंत्रालयाचा प्रत्येक निर्देश लेखी असेल आणि वार्षिक अहवालात छापला जाईल. नियंत्रक वा अभियंत्याने दिलेल्या सुरक्षाविषयक इशाऱ्यावर ठरावीक दिवसांत लेखी उत्तर देणे व्यवस्थापनावर बंधनकारक असेल. शुल्कनिश्चितीसाठी नवी संस्था हवी असेही नाही. २००८ च्या विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण कायद्यातील सेवांच्या व्याख्येत हवाई वाहतूक व्यवस्थापनाचा समावेश आहेच. आणि या सर्वांआधी महासंचालनालयाची रिकामी पदे भरून त्याला मंत्रालयाच्या छायेतून बाहेर काढावे लागेल. दुबळ्या नियामकासमोर बलवान महामंडळ उभे करणे, हे आजच्या स्थितीहूनही धोक्याचे ठरेल.

१९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. त्या निमित्ताने नियामक, सेवादाता आणि मंत्रालय यांच्या नात्याची फेरमांडणी करण्याची संधी होती. ती साधली गेली नाही. विमानांची संख्या वाढते आहे, नवी मुंबईसारखी विमानतळे सुरू होत आहेत आणि मनोऱ्यातील माणसे पुरी पडत नाहीत. महामंडळाच्या प्रस्तावावर संसदेत चर्चा होईल तेव्हा मालकी कोणाची याबाबत मतभेद होण्याचे कारण नाही. ती सरकारचीच राहावी, यावर बहुतेक पक्षांचे एकमत होऊ शकेल. खरी परीक्षा पुढची आहे. पुढच्या वेळी यंत्रणा थांबेल, तेव्हा इशारा कोणी दिला, तो कोणाच्या मेजावर पडून होता आणि त्यावर काय लिहिले गेले, हे लोकसभेच्या पटलावर तारखेनिशी सांगता आले पाहिजे. तेवढी तरतूद कायद्यात होणार नसेल, तर राजीव गांधी भवनात आणखी एका पाटीची भर पडेल, इतकेच.